मृताचं ताट: इनामगाव, माहुरझरी आणि रोम

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे असतात, हे आपण पाहिलेलं आहे. गेलेल्या माणसालाही भूक असते, ही समजूत किती जुनी असेल? जिथे लेखी पुरावा नाही, तिथे उत्तर जमिनीत शोधावं लागतं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकरी लहान मुलांना घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत मूल. मोठ्या माणसांची पावलं घोट्याजवळ तोडलेली आढळतात. सोबत वाडगे, तोटीची भांडी. आता बघा, भांडं सापडलं म्हणजे अन्न सापडलं असं नाही. पण पुरायला निवडली ती खाण्यापिण्याचीच भांडी, एवढं तर दिसतं.

आता विदर्भात जाऊ. नागपूरजवळ माहुरझरीला लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत. शां. भा. देव यांनी ती १९७०च्या सुमारास खणली. त्यांत माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष निघाले, घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे अलंकार निघाले, आणि हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. सजवलेलं जनावर मुद्दाम मारून मालकासोबत दिलेलं दिसतं. पण त्याचं मांस शिजलं का, ते कुणी खाल्लं, हे नुसत्या खुणांवरून ठरत नाही.

इथे रोमची मदत होते, कारण रोमनांनी लिहून ठेवलंय. डुकराचा बळी दिल्याशिवाय ती जागा कबरच ठरत नाही, असं सिसेरो सांगतो. नवव्या दिवशी कबरीपाशी जेवण व्हायचं. दरवर्षी १३ ते २१ फेब्रुवारी हे पितरांचे दिवस. तेव्हा धान्य, मीठ, वाइनमध्ये भिजवलेला पाव ठेवत. काही कबरींना तर वरून वाइन ओतायला मातीची नळी असे!

म्हणजे एकाच विधीत बळी वेगळा, जिवंतांचं जेवण वेगळं आणि मृताचा वाटा वेगळा. जमिनीत मात्र तिन्हींची हाडं सारखीच दिसतात. म्हणून कबरीत हाड सापडलं की लगेच ‘नैवेद्य’ म्हणू नये. ते कुठे होतं, जळालेलं होतं का, त्यावर सुरी कुठे फिरली, हे आधी विचारायचं.