पाळी येणार आहे की दिवस गेले? लक्षणे सारखीच, मग ओळखायचे कसे?

जुन्नर, आंबेगाव : छाती जड झाली आहे, कंबर दुखते आहे, टोमॅटोच्या तोडणीला जायचे तर अंगात त्राण नाही. ‘पाळी जवळ आली असेल’ असे म्हणून मेडिकलमधून गोळी आणायची आणि कामाला लागायचे, हे अनेकींच्या सवयीचे झालेले असते. बहुतेक वेळा अंदाज बरोबरही ठरतो. पण हीच लक्षणे दिवस गेल्याचीही असू शकतात.

दोन्हींची लक्षणे सारखी का?

पाळीच्या साधारण १४ दिवस आधी अंडाशयातून बीज बाहेर पडते. त्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. छाती दुखणे, पोट फुगणे, थकवा, चिडचिड हे त्याचेच परिणाम. गर्भ राहिला नाही तर हे संप्रेरक कमी होते आणि पाळी येते. गर्भ राहिला तर ते वाढलेलेच राहते. त्यामुळे पाळीच्या तारखेपर्यंत केवळ लक्षणांवरून फरक ओळखणे जवळपास अशक्य असते.

तरीही फरक कुठे दिसतो?

- छाती दुखणे : पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत कमी होते. दिवस गेले असतील तर ते टिकते, वाढते.
- मळमळ : पाळीआधी क्वचित होते. गर्भधारणेत ती बहुधा पाळी चुकल्यावर एक-दोन आठवड्यांनी सुरू होते. फोडणीचा वास नकोसा होतो, कोरड्या उलट्या येतात. काहींना हा त्रास होतच नाही.
- रक्त जाणे : पाळीत रक्त वाढत जाते आणि तीन ते सात दिवस टिकते. गर्भ रुजताना काहींना फक्त गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो, तोही एक-दोन दिवस. त्याला पाळी समजून तारीख चुकीची धरली जाते.
- ओटीपोटात कळा : दोन्हींत येतात. यावरून काहीच ठरवता येत नाही.

खात्री कशी करायची?

गर्भ रुजल्यावर एचसीजी हे संप्रेरक तयार होते आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होते. लघवीची चाचणी तेच शोधते. म्हणून पाळीच्या तारखेआधी केलेली चाचणी चुकू शकते.

- पाळी चुकल्यावर सकाळची पहिली लघवी घ्यावी.
- दोन रेषा म्हणजे गर्भधारणा. दुसरी रेषा फिकट असली तरीही. एकच रेषा ‘सी’ जवळ आली तर चाचणी निगेटिव्ह. ‘सी’ जवळ रेषाच नसेल तर किट बाद.
- निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचावा. तासाभराने उमटलेली रेषा धरू नये.
- निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा चाचणी करावी.
- पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी चाचणी करावी.

मीठ, साखर किंवा टूथपेस्टमध्ये लघवी टाकून करायच्या ‘घरगुती चाचण्या’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यांना कोणताही आधार नाही. ‘बाळ अंगावर पिते आहे, पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत’ हाही भरवसा धोक्याचा. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीही गर्भ राहू शकतो.

दोन आठवड्यांनी काय बिघडते?

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून घडतो ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर हा टप्पा संपलेलाही असतो. यात दोष राहू नये म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लागते. मूल हवे असेल तर ती आधीपासूनच घ्यावी. शंका असेल तोवर पाळीच्या दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, दारू-तंबाखू टाळावी आणि द्राक्षबागेतील औषध फवारणीपासून लांब राहावे. जत्रा किंवा लग्नासाठी पाळी पुढे ढकलणारी गोळी घेण्याआधीही दिवस गेले नाहीत ना, याची खात्री करावी.

चाचणी कुठे होते?

‘निश्चय’ हे किट आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मोफत मिळते. आशाताई ओळखीच्या, गावातल्याच असल्याने संकोच वाटत असेल तर मेडिकलमधूनही किट घेता येते. पुढील तपासणीसाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, जुन्नर, नारायणगाव व घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालये आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. पश्चिम पट्ट्यातील वाड्या-वस्त्यांवरून भात आवणीच्या दिवसांत दवाखान्यापर्यंत जाणे अवघड होते. अशा वेळी आशाताईंकडचे किट हाच जवळचा मार्ग. गर्भधारणा निश्चित झाल्यास १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करून घ्यावी.

मूल नको असेल तर कायद्यातील कारणांनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. १८ वर्षे पूर्ण झालेल्या महिलेची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची किंवा सासरच्यांची सही कायद्याने लागत नाही. मात्र परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत. गर्भ गर्भाशयाबाहेर असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि जिवावर बेतू शकते.

लगेच रुग्णालय गाठा

पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखते, चक्कर येते, खांदा दुखतो किंवा खूप रक्त जाते, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

आजच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे : पाळी सुरू झाली की ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. शंका आली की चाचणीचा दिवस त्या तारखेवरूनच ठरतो, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्नही तोच असतो.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचारांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)