मुंबई बंदराचा पहारेकरी : ‘मॅग्डला’

आज दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरून बोलतोय. या रस्त्याचं जुनं नाव कर्झन रोड. हे कर्झनसाहेब व्हाइसरॉय असतानाच मुंबई बंदराची दोन चिलखती जहाजं भंगारात विकली गेली : ‘मॅग्डला’ आणि ‘अ‍ॅबिसिनिया’. तीसेक वर्षांच्या नोकरीत त्यांनी शत्रूवर एकही गोळा डागला नाही. मग पैसा वाया गेला का? मी तोफखान्यातला माणूस, म्हणून हा प्रश्न मला जवळचा.

आधी नावं. 1868 साली जनरल नेपियरच्या फौजेनं अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, मॅग्डलाचा डोंगरी किल्ला घेतला. मोहीम निघाली होती मुंबईहून.

आता रचना. एडवर्ड रीड यांच्या आराखड्यावरचं, थेम्सकाठी बांधलेलं ‘मॅग्डला’ सुमारे 3,300 टनांचं. डेक पाण्यापासून जेमतेम दोन हात वर. जहाज जितकं बुटकं, तितका शत्रूला नेम धरणं अवघड, आणि चिलखतही कमी लागतं. पण लाट डेकवर आली की पाणी आत शिरणार. म्हणून जहाजाच्या मधल्या भागाला चिलखती भिंत घातली. दोन फिरत्या बुरुजांची बुडं आणि धुराडं त्या भिंतीच्या आत. प्रत्येक बुरुजात दोन 10 इंची तोफा. एकेक तोफ 18 टनांची, गोळा सुमारे 180 किलोचा, आणि तो भरायचा तोंडातून.

शिडं नाहीत, हेही महत्त्वाचं. ब्रिटिशांच्या ‘कॅप्टन’ जहाजाचा डेकही बुटका होता, पण वर उंच शिडं होती. सप्टेंबर 1870 मध्ये ते वादळात उलटलं आणि जवळपास पावणेपाचशे माणसं बुडाली. त्याच हिवाळ्यात ‘मॅग्डला’ मुंबईला निघालं. प्रवासापुरत्या डोलकाठ्या लावल्या होत्या, तेवढंच. पुढचं आयुष्य बंदरातच गेलं. अधूनमधून तोफांच्या सरावासाठी बाहेर पडायचं आणि परत यायचं.

इकडे जग थांबलं नव्हतं. 1876 साली इटलीनं बेनेदेत्तो ब्रिन यांनी आखलेलं ‘दुइलिओ’ पाण्यात सोडलं. त्याच्या चार तोफा, एकेक 100 टनांची. इटली काही मुंबईवर चालून येणार नव्हती, पण मोजपट्टी बदलली. 1885 साली पंजदेहवरून रशियाशी युद्धाची वेळ आली, तेव्हाही ‘मॅग्डला’वर त्याच जुन्या तोफा होत्या. मागून भरायच्या 8 इंची तोफा आल्या 1892 मध्ये.

गंमत म्हणजे ‘दुइलिओ’लाही कधी लढाई करावी लागली नाही.

तर, पैसा वाया गेला का? मला विचाराल तर नाही. पहारेकऱ्याच्या रात्री चोर आला नाही, म्हणून कुणी त्याचा पगार कापत नाही. पण त्याच्या हातातली काठी मोडकी आहे हे चोराला कळलं, तर पहारा फक्त हजेरीपटावर उरतो. हत्यार किती लढलं, हे पुस्तकात सापडतं. ते अपुरं कधी पडलं, ती तारीख आपली आपण शोधायची असते, आणि तीही वेळेवर.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.