आनंददंडाची खरेदी

‘जॉयस्टिक’ला मराठीत ‘आनंददंड’ म्हणावे, असे मी घरात सुचवले, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “आनंद कोणाला आणि दंड कोणाला?” यंदाच्या दिवाळीत हा प्रश्न पुष्कळ घरांत निघेल. संगणकावर लढाऊ विमाने उडवण्याचा नाद मुलांना लागतो आणि मग दुकानातल्या वस्तूंच्या किमती पाहून आईबापांना घेरी येते. म्हणून थोडक्यात कसे भागवावे, याविषयी चार शब्द.

नाद वाईट नाही, हे आधी सांगतो. विमान जमिनीवरच ‘उडवण्याची’ विद्या जुनी आहे. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून त्याने 1929 मध्ये जागच्या जागी डुलणारे विमान तयार केले. 1934 साली खराब हवेत टपाल नेताना अमेरिकेचे अनेक लष्करी वैमानिक मरण पावले, तेव्हा लष्कराने त्याची सहा यंत्रे विकत घेतली. आपल्या नाटकमंडळींनी ऑर्गनवर पदे रंगवली. तिकडे त्याच्या भात्यांनी वैमानिकांचे प्राण वाचवले!

आता मुद्दा असा, की कीबोर्डवर भागत का नाही? पेटीची पट्टी एकतर वाजते, नाहीतर वाजत नाही. सतारीच्या तारेवर मींड घेता येते. कीबोर्ड म्हणजे पेटी आणि जॉयस्टिक म्हणजे सतार. विमान किंचित झुकवायचे की पुरते कलंडवायचे, हे हाताच्या दाबावर ठरते. मात्र ‘वॉर थंडर’सारख्या खेळात माउसनेही उत्तम नेम धरता येतो. मुलाचे तेवढ्यावर समाधान होत असेल, तर खुशाल पैसे वाचवा.

खऱ्या अर्थाने उडायचे, तर चार गोष्टी हातात हव्यात : नाक वर-खाली करणे, पंख कलवणे, नाक डावी-उजवीकडे वळवणे आणि इंजिनाचा जोर कमी-जास्त करणे. या चारही ज्या एका दांड्यात सामावतात, तो नवशिक्याला पुरेसा. लॉजिटेकचा ‘एक्स्ट्रीम 3डी प्रो’ असा आहे : मूठ पिळली की नाक वळते आणि जोरासाठी बुडाशी लहानशी सरकपट्टी असते. थ्रस्टमास्टरच्या ‘टी.16000एम’मध्येही हे सारे आहे. शिवाय तो डावखुऱ्यांसाठी जुळवून घेता येतो. त्यात दांड्याची हालचाल चुंबकाने मोजली जाते. पुष्कळशा स्वस्त दांड्यांत ती घासणाऱ्या भागाने मोजतात. तो भाग झिजला की विमान आपोआप थरथरू लागते. इंजिनाच्या जोरासाठी डाव्या हाताला वेगळी मूठ हवी असेल, तर त्याच कंपनीचा ‘टी.फ्लाइट हॉटास’ संच पाहावा. हा संच निरनिराळ्या यंत्रांसाठी निरनिराळा निघतो, तेव्हा खोक्यावर आपल्या यंत्राचे नाव वाचूनच पैसे मोजावेत.

जुना दांडा स्वस्तात मिळत असेल, तर तो संगणकाला जोडून पाहावा. विंडोजमध्ये तो तपासण्याची सोय असते. हात काढल्यावर पडद्यावरची फुली मध्यावर स्वस्थ उभी राहते का, ते बघा. ती नाचू लागली, तर नमस्कार करून परत फिरावे.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी विमान उधळते आणि मूल हिरमुसते. त्यात त्याचा दोष नसतो. जुन्या लढाऊ विमानांत दांडा पायांमध्ये, जमिनीपासून उभा आणि लांब असे. टेबलावरचा दांडा आखूड. म्हणून हाताच्या थोड्या हालचालीने विमान फार वळते. खेळाच्या सेटिंगमध्ये मध्याजवळची संवेदनशीलता कमी केली, की हे बरेच सुधारते. त्याला एक पैसाही लागत नाही.

पुढची खरेदी सावकाश करावी. आकाशात शत्रू बहुधा मागून येतो, म्हणून मान वळवण्याची सोय आधी करावी. साधा वेबकॅम आणि ‘ओपनट्रॅक’ हे मोफत सॉफ्टवेअर यांवर ते काम होते. पायांची पेडले सर्वांत शेवटी. जर्मन ‘मेसरश्मिट 109’चे सुकाणू उडताना समतोल करून ठेवण्याची सोय नव्हती; वैमानिकाला पाय दाबून धरावा लागे. असली विमाने आवडू लागली, की पेडलांचे महत्त्व आपोआप कळते.

खेळ तरी आधी विकत कशाला घ्या? ‘डीसीएस वर्ल्ड’ मोफत मिळतो आणि त्यासोबत ‘सुखोई-25टी’ व ‘टीएफ-51डी’ ही दोन विमानेही. महिनाभर त्यांवर हात बसू द्यावा. एवढे करून मूल रोज नीट विमान उतरवू लागले, तर पुढच्या खर्चाचा विचार करायला हरकत नाही.

आणि आईबापांनीही एकदा दांडा हातात धरून पाहावा. विमान कोसळले, की आपण ‘पुन्हा’ हे बटण दाबतो. 1940 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढणाऱ्या विशी-बाविशीतल्या पोरांपुढे असे बटण नव्हते. मुलाच्या शेजारी बसून तेवढे त्याला सांगितले पाहिजे.