भूकंप आणि आपली घरे

शेषनागाने मान हलविली म्हणजे धरणी कापते, ही समजूत गावोगाव ऐकू येते. कथा म्हणून ती गोड आहे, इतकेच. वस्तुतः भारताचा भूखंड उत्तरेकडे आशिया खंडावर सतत रेटला जात आहे. त्यामुळे खडकांत ताण साठतो व तो असह्य झाला म्हणजे जुन्या भेगेवर खडक एकाएकी सरकतात. भूकंपमापक यंत्र या धक्क्याची नोंद घेते. प्रमाणाचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीसपट होते.

गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यात अशा भेगांचा पट्टा आहे. तेथेच, जबलपूरनजीक, दिनांक 22 मे 1997 रोजी 5.8 प्रमाणाचा भूकंप झाला. आपल्याकडे धोका कमी, हे खरे. परंतु किल्लारीचा भागही कमी धोक्याचाच मानला जात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून निजलेली हजारो माणसे तेथे दगावली. धक्क्यापेक्षा अधिक घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व माळवदावरील मातीच्या भाराने.

आपली कौलारू छपरे त्या मानाने हलकी, तरी मातीच्या भिंतींची जोड कोपऱ्यात उकलते. म्हणून पक्के घर बांधताना दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींवर काँक्रीटची सलग पट्टी फिरवावी. जाडी तीन इंच, आत दोन लोखंडी सळया. दार कोपऱ्यास चिकटून ठेवू नये. दगडी भिंतीत मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घालावेत. गवंडी हे टाळू पाहील. जोत्याचे काम चालू असतानाच कार्यकर्त्यांनी त्यास समजावून सांगावे.