घर बांधणाऱ्याने जाणावयाचे नियम

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मी वर्गात कित्येक वर्षे मुलांकडून वाक्यात उपयोग करवून घेतली. तिचा खरा अर्थ मात्र मला सेवानिवृत्तीनंतर, जालन्यात स्वतःचे घर बांधावयास काढले तेव्हा कळला. ठेकेदारास द्यावयाचे पैसे वाचवावे, म्हणून मी स्वतःच ठेकेदार झालो. वाळू, खडी, सिमेंट, सळई यांचे भाव तोंडपाठ केले. गवंड्याशी मजुरी ठरविली. आणि आता घर उभे राहावयास अडचण नाही असे समजून स्वस्थ झालो. बांधकामाचे नियम म्हणून काही असतात हे मला ठाऊक होते. परंतु ते कचेरीत कागद दाखविण्यापुरते असतात, असा माझा समज होता. तो समज कसा दूर झाला, तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम हे नियम कोणते, ते पाहू. त्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग कायद्याचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली झाला. त्याच्या आधारे राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरात लागू करण्यात आली. भूखंडावर किती बांधावे, चोहोबाजूंनी किती जागा मोकळी सोडावी, रस्ता किती रुंद असता किती उंच जावे, हे ती सांगते. दुसरा वर्ग मानकांचा. भिंत, खांब, छत कसे केले असता ते टिकेल, हे भारतीय मानके व राष्ट्रीय इमारत संहिता सांगतात. ही संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली व २०१६ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. सारांश, पहिला वर्ग घर कोठे व केवढे बांधावे हे ठरवितो, दुसरा ते कसे बांधावे हे शिकवितो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे सोळाशे चौरस फुटांच्या लहान भूखंडावर घर बांधणाऱ्यास नव्या नियमावलीने मोठी सवलत दिली आहे. त्याने नकाशा, मालकीचे कागद व शुल्क सादर केले, की परवानगीच्या निराळ्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. माझा भूखंड बाराशे चौरस फुटांचा. तेव्हा मीही या सवलतीने हर्षभरित झालो. परंतु परवानगीची वाट पाहावी लागत नाही म्हणजे नियम पाळावे लागत नाहीत, असा अर्थ पुष्कळजण करून घेतात, आणि तेथेच फसतात. पूर्वी चूक दाखविणारा कोणी अधिकारी तरी मध्ये होता. आता ती जबाबदारी सर्वस्वी मालकाच्या शिरावर आली. नियमाबाहेर बांधलेला भाग पाडून टाकण्याची नोटीस देण्याचा अधिकार कायद्याने राखून ठेवलेलाच आहे.

आता माझी गोष्ट सांगतो. खांबांच्या सळ्या उभ्या राहिल्या होत्या व त्यांभोवती कड्या बांधून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतावयाचे. तेवढ्यात माझे परवानाधारक अभियंता आले. त्यांनी एक कडी बोटाने चाचपली आणि काम थांबविले. कड्यांची टोके काटकोनात वाकविली होती. ती आणखी आत, एकशे पस्तीस अंशांत वाकवून खांबाच्या गाभ्यात शिरली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. गवंडी म्हणाला, “गुरुजी, एवढ्याशा घराला हे कशाला? आजवर शंभर घरे बांधली, एक पडले नाही.” मलाही दोन दिवसांची मजुरी डोळ्यांपुढे दिसत होती. मी अभियंत्यांस म्हणालो, “जाऊ द्या. आपल्या जालन्यात कुठे भूकंप होतो?”

ते थोडा वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, “गुरुजी, किल्लारीचे लोकही हेच म्हणत होते.”

श्रोतेहो, मी निरुत्तर झालो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आपल्यापैकी पुष्कळांस आठवत असेल. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. चार वाजण्याच्या सुमारास लातूर व धाराशिव जिल्ह्यांत धरणी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. शाळेच्या वतीने धान्य व कपडे घेऊन मी त्या भागात गेलो होतो. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती. दगडांमध्ये सांधा केवळ मातीचा. आणि वर मातीचे जड माळवद. अशी घरे आपल्या मराठवाड्यात गावोगाव आहेत. रुंद भिंत म्हणजे मजबूत भिंत असे आपण मानतो. परंतु जिच्या आतल्या व बाहेरच्या थरांस जोडणारा आरपार दगड नाही, ती भिंत हादऱ्यासरशी दुभंगते आणि माळवदाचा भार निजलेल्यांवर येतो. त्या काळच्या भूकंपनकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग अभियंत्यांनी कडीचे मर्म समजावून दिले. खांब हादरला की त्याच्या बाहेरचे काँक्रीट प्रथम गळून पडते. काटकोनात वाकविलेले टोक त्याच बाहेरच्या थरात असते. तो गळाला की कडी उघडते आणि उभ्या सळ्या धनुष्याप्रमाणे बाहेर फुगतात. आत वळविलेले टोक गाभ्यात अडकून राहते, म्हणून कडी उघडत नाही, आणि घरातील माणसांस बाहेर पडावयास अवधी मिळतो. ही पद्धत भूकंपाचा धोका अधिक असलेल्या प्रदेशांसाठी मानकाने सांगितली आहे. परंतु तिला लागतो तो चार बोटे सळई व थोडी मेहनत. मी दोन दिवसांची मजुरी सोसली व सर्व टोके पुन्हा वाकवून घेतली.

त्या दिवसापासून प्रत्येक नियमामागचे कारण विचारावयाची मला सवय लागली. त्यांतील काही कारणे आपल्या उपयोगी पडतील.

आपल्या भागातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरच पाया ठेवला, तर घरही वर्षानुवर्षे तिच्याबरोबर खालीवर होते व भिंतीस तिरप्या भेगा जातात. म्हणून काळी माती ओलांडून घट्ट मुरुमापर्यंत पाया न्यावा. मुरूम फारच खोल असेल, तर तळाशी फुगीर केलेल्या खुंट्यांचा पाया घालण्याची रीत मानकात दिली आहे.

जालना हे सळयांच्या कारखान्यांचे शहर. तथापि सळई गावची आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये. तिच्यावर भारतीय मानक १७८६ ची खूण पाहावी. ‘५००’ हा आकडा तिचे बळ सांगतो. त्यापुढील ‘डी’ हे अक्षर, ती तुटण्यापूर्वी अधिक ताणली जाते, हे सांगते.

काँक्रीट सहज पसरावे म्हणून गवंडी त्यात पाणी वाढवितो. ते जादा पाणी पुढे उडून जाते व मागे सूक्ष्म छिद्रे राहून काँक्रीट दुबळे होते. उलट, ओतल्यानंतर पाणी मारण्यात कसूर होते. साध्या सिमेंटास निदान सात दिवस, व राखमिश्रित सिमेंटास निदान दहा दिवस, काँक्रीट सतत ओले ठेवावयाचे असते. साडेचार मीटरपर्यंतच्या छताखालचे टेकू सात दिवसांपूर्वी व त्याहून रुंद छताखालचे चौदा दिवसांपूर्वी काढू नयेत. घाईने काढलेला टेकू पुन्हा लावून उपयोग नसतो.

बाजूची मोकळी जागा सोडणे आपल्या जिवावर येते. परंतु १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा उजेड व वारा नसलेल्या दाट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी निराळा ट्रस्ट स्थापन झाला. आपण भिंत हद्दीपर्यंत रेटतो, तेव्हा शेजाऱ्याची खिडकी बंद करतो; आणि उद्या तो तसेच करतो, तेव्हा आपली. शिवाय आग लागल्यास बंब व आजाऱ्यास नेणारी गाडी त्याच मोकळ्या जागेतून यावयाची असते. कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्राच्या निदान एकदशांश इतके खिडक्यांचे उघडे क्षेत्र असावे व राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटर असावी, असे संहिता सांगते. जालन्याच्या वैशाखात हा नियम कोणास जाचक वाटणार नाही.

आता गवंड्याविषयी एक शब्द. मी त्यास दोष देत नाही. त्याच्या हातात कसब आहे, परंतु नियम त्यास कोणी वाचून दाखविलेला नसतो. स्वतः घर बांधणाऱ्याने ते काम पत्करले पाहिजे. मोजणीचा नकाशा व मालकीचे कागद प्रथम पाहावे. परवानाधारक अभियंत्याचे शुल्क हा फुकट खर्च समजू नये. पाया, जोते व छताच्या सळ्या झाकल्या जाण्यापूर्वी त्यास दाखवाव्या. आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे. कारण बांधकामातील महत्त्वाचे ते सारे अखेर झाकले जाते.

माझ्या खांबांतील ती वळविलेली टोकेही आता कोणास दिसत नाहीत. वास्तुशांतीस आलेल्या पाहुण्यांनी फरशीची व रंगाची वाखाणणी केली. कड्यांविषयी कोणी विचारले नाही. परंतु रात्री घरातली मुले त्या छताखाली निजतात, तेव्हा मला त्या कड्यांचीच आठवण होते, आणि दोन दिवसांच्या मजुरीत इतकी निश्चिंत झोप कोठे विकत मिळाली असती, असे मनात येते.