कागदी बिबट्याच्या पोटाला टक

एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड आणि मधे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. खरा बिबट्या इतका शेजारी, तरी उपनगरातल्या बहुतेक मुलांना तो बातम्यांतच भेटतो. कागदाचा मात्र जेवणाच्या टेबलावर उभा करता येतो.

छापील पान कापून वस्तू उभी करण्याचा छंद जुना आहे. फ्रान्समधल्या एपिनाल गावचे छापखाने एकोणिसाव्या शतकात असे कागद विकत. आता जपानच्या कॅनन कंपनीच्या ‘क्रिएटिव्ह पार्क’ या संकेतस्थळावर प्राण्यांचे नमुने फुकट मिळतात. यामाहा या मोटारसायकलवाल्या कंपनीनेही दुर्मिळ प्राण्यांचे देखणे नमुने दिले होते. दिवाळीत आकाशकंदील आणि किल्ला घरीच करणाऱ्यांना हे काम परकं वाटायचं कारण नाही.

खरी गंमत आहे ती नमुना आखणाऱ्याच्या डोक्यात. कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, चेंडू होत नाही. बिबट्याचं पोट आणि गाल तर दोन्ही दिशांनी फुगलेले. मग आखणारा तिथे पाचरीसारखा काप ठेवतो. त्याच्या दोन कडा ओढून चिकटवल्या की सपाट कागदाला फुगवटा येतो. ब्लाउजला टक घालतात तसंच हे. शिवणकाम येणाऱ्या आजीला ते समजावून सांगावं लागत नाही, तीच नातवंडांना सांगते.

झेरॉक्सच्या दुकानात नेहमीचा ७५-८० जीएसएमचा कागद घेऊ नये, पाय मुडपतात. १६० ते २०० जीएसएमचं कार्डशीट मागावं. सगळी पानं एकाच मापात छापून घ्यावीत. एखादं पान जरी ‘फिट टु पेज’ होऊन लहान झालं, तरी मान धडाला बसत नाही. इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते, लेझरचा रंग घडीवर तडकतो. पावसाळ्यात कार्डशीटही दमट होऊन मऊ पडतं, म्हणून ते पिशवीत बंद ठेवावं.

कापण्याआधी घड्यांच्या रेषा संपलेल्या रिफिलने, पट्टी लावून दाबून घ्यायच्या. ही पायरी गाळली की घडी वाकडी जाते आणि चेहरा बिघडतो. दरीघडी आत, डोंगरघडी बाहेर. फेव्हिकॉल काडीच्या टोकाने, पुसट लावायचा. जास्त झाला की कागद सुरकुततो. कापलेल्या पांढऱ्या कडांवर स्केचपेन फिरवलं की सांधे लपतात. हे काम सर्वांत धाकट्याला द्यावं. कटर मोठ्यांच्याच हातात. धड बंद करतानाची शेवटची पट्टी सर्वांत अवघड, कारण आतून बोटाचा आधार देता येत नाही. ती पोटाखाली येईल असं बघावं.

पुण्यात राहून टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. हाताने केलेलं खेळणं शिकवतं, हे त्यांच्या कामाने महाराष्ट्राला पटवलं आहेच. छापील नमुन्यात कल्पना दुसऱ्याची असते, हा आक्षेप खरा आहे. पण सपाट कागदातून घनाकार कसा निघतो, हे ज्याच्या हाताला कळलं, तो पुढचा नमुना स्वतः आखू शकतो.

सुरुवात बिबट्यापासून करू नका. आधी मासा किंवा कासव करा, दोन रविवार जाऊ द्या आणि मग अंगावर ठिपके असलेल्या पाहुण्याला हात घाला.