देवघरामागील शुभेच्छापत्रे

नरकचतुर्दशीस पंधरा दिवस उरले की घरोघर माळे झाडण्यास आरंभ होतो. समया चिंचेने घासल्या जातात, भिंतींना चुना लागतो, आणि देवघरामागील फळीवर साठलेला कागदांचा गठ्ठा गृहिणीच्या हाती येतो. त्यात जुनी पंचांगे असतात, तसबिरींतून काढलेली चित्रे असतात आणि बहुधा कोणे काळी आलेली दिवाळीची शुभेच्छापत्रेही असतात. देवाचे चित्र असलेला कागद केरात टाकावयाचा नाही. म्हणून तो गठ्ठा नदीच्या वा खाडीच्या पाण्यात सोडला जातो. प्रथा श्रद्धेची आहे, तिला नावे ठेवण्याचा हेतू नाही. परंतु त्या पाण्याबरोबर गावची किती माणसे वाहून जातात, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

देवगड तालुक्यातील आमच्या गावची अशी पत्रे जमविण्याचा छंद प्रस्तुत लेखकास काही वर्षांपासून जडला आहे. कोकणचा चाकरमानी गणपतीस आणि शिमग्यास गावी येई; गिरणीतील रजा तेथेच सरे. दिवाळी त्यास मुंबईतच, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत करावी लागे. स्वतः येऊ न शकणाऱ्याचा नमस्कार मग टपालाने येई. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत अवघा पाव आणा होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे मळवलीस गेला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती तसबिरींबरोबरच कार्डांवरूनही घराघरांत पोहोचल्या. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्याचे काम केले होते, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

लक्ष्मीचे चित्र टपालाने आले तरी ती लक्ष्मीच. आमच्या संग्रहातील कित्येक कार्डांवर हळदीकुंकवाचे डाग आहेत, वरच्या कडेस खिळ्याचे भोक आहे, एकावर तर उदबत्तीने जळाल्याची खूण आहे. मुंबईच्या जुन्या बाजारातील व्यापारी अशा डागाळलेल्या कार्डास किंमत देत नाही. त्याचा डोळा चित्रावर असतो. आम्हांस मात्र मागची बाजू अधिक मोलाची वाटते.

कारण पत्ता बोलतो. ‘मुंबई राज्य’ असे लिहिलेले कार्ड १ मे १९६० पूर्वीचे असण्याचा संभव मोठा. नुसते ‘परळ, मुंबई १२’ असेल तर ते बहुधा १९७२ पूर्वीचे. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून पिन कोड आला आणि तोच बारा आकडा ‘४०००१२’ या रूपाने मागे राहिला. गावापुढे ‘जिल्हा रत्नागिरी’ आहे की ‘सिंधुदुर्ग’, हेही पाहावे; नवा जिल्हा १९८१ साली झाला. लोक जुनी सवय लवकर सोडीत नाहीत, म्हणून अखेरचा निवाडा टपालाच्या शिक्क्याचा. याकरिता तिकीट पाण्यात भिजवून काढण्याचा मोह टाळावा. तिकिटाबरोबर शिक्का जातो आणि शिक्क्याबरोबर तारीखही.

या पत्रांत एक उणीव आहे. जमलेल्या साऱ्या गठ्ठ्यांत दुःखाची वार्ता जवळजवळ नाहीच. कोपरा फाडलेले कार्ड आले की ते उंबऱ्याबाहेरच वाचावयाचे, लगेच फाडून टाकावयाचे आणि स्नान करावयाचे, अशी आपली रीत. तारेला ओवून राहिली ती केवळ ‘॥ श्री ॥’ काराने आरंभलेली, कुशल कळविणारी पत्रे. एखाद्याची पत्रे दरवर्षी येता येता एका दिवाळीपासून येईनाशी होतात, तेथेच काय ते समजून घ्यावे.

गतवर्षी शेजारच्या काकींनी असाच एक गठ्ठा विसर्जनासाठी काढून ठेवला होता. वय ऐंशीच्या पुढे, देवधर्माच्या कडक. आम्ही तो मागितला. देवाचा कागद कुणाच्या कपाटात पडून राहावा, त्यास धूळ लागावी, पाय लागावा, हे त्यांना पटेना. आमच्यापाशीही यावर उत्तर नव्हते. अखेर असे ठरले की दोन दिवस गठ्ठा आमच्याकडे राहावा, आम्ही दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, नावे व तारखा वहीत उतरून काढाव्यात, आणि मग त्यांनी त्यांच्या रीतीने तो पाण्यात सोडावा. काकी शेजारी बसून प्रत्येक नावाची ओळख सांगत होत्या: हा अमक्या वाडीचा, याचे घर आता बंद आहे, हा मुंबईस गेला तो परतलाच नाही. एवढे कोणत्याही कार्डावर लिहिलेले नव्हते.

त्रिपुरी पौर्णिमेस गठ्ठा खाडीत सोडला. एक कार्ड मात्र काकींनी मागे ठेवले. ते साधे सरकारी पोस्टकार्ड होते, त्यावर देवाचे चित्र नव्हते, तेव्हा विसर्जनाचा प्रश्नच नव्हता. १९८२ सालच्या दिवाळीत त्यांच्या धाकट्या दिरांनी ते पाठविले होते. त्या वर्षी जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. वहिनीस साष्टांग नमस्कार लिहून पुढे एकच वाक्य होते, यंदा भाऊबीजेची मनिऑर्डर धाडता येत नाही, राग मानू नये. आम्ही ते कार्ड पुन्हा मागितले नाही. काकींनी ते पोथीत ठेवले.